रुतलेला रणगाडा

ओल्या बारदानाचा वास आला की कॉलनीतली दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा आठवते. त्या वर्षी माझ्या मुलीने समुद्रकाठचं तटबंदीचं गाव केलं होतं. पुढे पाण्याने भरलेली परात, वाळूचा किनारा, होड्यांतून उतरलेले मातीचे सैनिक आणि रिमोटवर चालणारा रणगाडा. तो वेस फोडून गावात शिरला तरच लढाई जिंकली, असं तिने परीक्षकांना सांगून ठेवलं होतं. किनाऱ्यापासून वेशीपर्यंतचा वाळूचा चढ मी पट्टीने मोजून दिला होता, पण वाळू भिजेल हे हिशेबात धरलं नव्हतं. रणगाडा अर्ध्यावर रुतला. "झाली माघार!" शेजारची पोरं ओरडली. मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "पप्पा, रणगाडा कुणी उचलून नेतं का?" मागून बायको म्हणाली, "अगं, मामाचा ट्रॅक्टर कांद्याच्या वावरात रुतला की तो काय टाकतो?" गावामागचा डोंगर बारदानावर चिखल थापूनच केला होता. मुलीने त्याच बारदानाची एक पट्टी कापली, रणगाड्यापुढे अंथरली आणि दोन्ही बाजूंना सैनिक उभे केले. "पायदळाने रस्ता केलाय!" रणगाडा घुरघुरत चढला, वेस कोसळली आणि अख्खी कॉलनी ओरडली. नंबर कितवा आला ते आता आठवत नाही. गाडीच्या डिकीत मात्र मी अजून एक बारदान ठेवतो.