काकूचा कूलर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर उन्हाळाभर त्याच कूलरपुढे झोपते. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडलं की मी हमखास गोड बोलायला लागतो. जुनी खोड आहे ती माझी, आणि सगळं रामायण त्या खोडीतूनच घडलं.

मी अकोल्यात विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचो. ठेकेदाराकडे. म्हणजे सरकारी नाही, पण गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, आणि नातेवाइकांत थाट असा की जणू अख्खं अकोला माझ्याच बटणावर उजळतं. काम सोपं. घरोघर जायचं, मीटरचा फोटो काढायचा, आकडा भरायचा. घराला कुलूप असलं तर ‘दार बंद’ असा शेरा मारायचा आणि बंद दाराचा फोटो टाकायचा. मग त्या महिन्याचं बिल आधीच्या वापरावरून अंदाजाने निघतं.

माझ्या भागात, जुन्या शहरात, शेवंताकाकू राहते. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका गेलेले, मूलबाळ नाही. निराधारची पेन्शन आणि झेंडूचे हार, एवढ्यावर तिचं चालायचं. सकाळी बाजारातून फुलं आणायची आणि दिवसभर दारात बसून ओवायची. तिचं दार दिवसा कधी बंद नसायचंच. गल्लीत कोणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, हारवाल्या काकूच्या उघड्या दारापासून डावीकडे वळा.

आणि त्या दारावर मी ‘दार बंद’ असा शेरा मारला.

का? कारण इतकं क्षुल्लक आहे की सांगतानाही मान खाली जाते. तिच्याकडे गेलं की सुटका नसायची. “बैस रे गजू, घोटभर चहा घे.” मग चिवडा, मग गुडघेदुखी, मग काकांच्या आजारपणाची तीच गोष्ट पहिल्यापासून. तिला बोलायला माणूस हवा असायचा, आणि मला? मला भराभर घरं उरकून चौकातल्या टपरीवर दोस्तांत जाऊन बसायचं असायचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या, त्या सुमाराला एकदा मी गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. तिथल्या एका घराला कायम कुलूप असायचं. त्याचा फोटो काढला आणि काकूच्या नावावर टाकला. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यातही तेच केलं. मग सवयच लागली.

आता अंदाज कशावरून निघणार? उन्हाळ्यावरून — जेव्हा तिच्या टिनाच्या छपराखाली कूलर दिवसरात्र फिरत होता. पोळा झाला, दिवाळी झाली, थंडी पडली, तरी काकूला बिल उन्हाळ्याचंच येत राहिलं.

संक्रांतीच्या आधी ती माझ्या घरी आली. बिल पिशवीतून काढून माझ्यापुढे धरलं. “गजू, तू लायटीतला माणूस. मले सांग बापा, कूलर त कवाचा बंद हाये. मंग एवढं बिल कावून येऊन राह्यलं?”

तिला काय सांगायला हवं होतं, ते मला पाठ होतं. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर ग्राहकांच्या हक्कांचा हा मोठा फलक आहे. बिल पटत नसेल तर तक्रार द्या, मीटर तपासून मिळेल, जादा घेतलेलं पुढच्या बिलात वळतं होईल. सरकारने तिच्यासारख्यांसाठीच तो नियम केलेला. तिला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं. पण तक्रार झाली असती तर फोटो उघडले गेले असते. फोटोत दुसऱ्याच घराचं कुलूप दिसलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत माझं काम गेलं असतं.

मी बिल उलटंसुलटं करून पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टरकडे बघावं तशी. मी म्हणालो, “काकू, तुहा कूलर जुना झाला. पिन बोर्डात लागून असली न, तं बटन बंद असलं तरी आतल्या आत वीज खाते तो.”

साफ खोटं. कूलर बंद ठेवून एवढं बिल येतच नाही.

“पाय बापा!” ती कपाळाला हात लावून हसली. “म्या त घरातच चोर पोसला!” मग सहज म्हणाली, पेन्शन बिलात जाते म्हणून दूध बंद केलं, पण कोरा चहाही काही वाईट लागत नाही. तेव्हा तरी — तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी? मी तिच्याबरोबर हसलो.

आठवड्याभरात दारात ऑटो उभा राहिला. मागे कूलर, आणि तो पडू नये म्हणून त्याला कवटाळून बसलेली काकू. “तुह्या घरी लेकरं हायेत. तुमाले परवडते. माह्या घरी ही बला नको.” मी नको म्हणालो. एकदाच, आणि तेही बायको ऐकत होती म्हणून. मग मीच तो खाली उतरवून घेतला.

त्यानंतर मी मुकाट तिच्या घरी जाऊन खरं रीडिंग घेतलं. जादा भरलेलं सगळं वळतं झालं, आणि तिला नुसतं नावापुरतं बिल आलं. तिच्या लेखी हिशेब सरळ होता: कूलर गेला, बिल गेलं. गजूने चोर पकडला म्हणून तिने गल्लीभर सांगितलं. दोन-चार बायकांनी आपापल्या कूलरच्या पिना काढून ठेवल्या. हसू आलं ना? मलाही आलं होतं.

मग मे महिना आला. अकोल्यातला मे ज्याने काढलाय, त्याला टिनाखालची दुपार वेगळी सांगायला नको. काकू दारातच फुलांवर आडवी झाली. शेजाऱ्यांना लगेच दिसली, कारण दार उघडं होतं. ऊन लागलं होतं तिला. सरकारी दवाखान्यात नेली, वाचली. पण उजवा हात तेव्हापासून थरथरतो. सुई फुलातून जात नाही. हार बंद झाले.

मी भेटायला गेलो तर सलाईन लागलेलं असताना नर्सला सांगते, “हा माहा पुतण्या. यानंच माहं बिल कमी केलं.” मी बाटलीतले थेंब बघत उभा राहिलो. त्याच वेळी घरी माझी मुलं तिच्या कूलरपुढे लोळत होती. त्याच संध्याकाळी तो परत नेऊन देता आला असता. पण का परत देतो, हे सांगावं लागलं असतं. नाही दिला.

आता नवे मीटर आपलं रीडिंग आपणच पाठवतात. मला ठेकेदाराने ऑफिसातल्या मदत खिडकीवर बसवलंय, त्याच फलकाखाली. म्हातारी माणसं बिलं घेऊन येतात. मी त्यांना खुर्ची देतो, समजावतो, तक्रार लिहून देतो. ती मला आशीर्वाद देऊन जातात.

काकूला मी टेबलफॅन घेऊन दिलाय. याला प्रायश्चित्त समजू नका. टिनाखाली तो गरम हवाच इकडची तिकडे करतो, आणि हे मला तो घेतानाही माहीत होतं.

काल गेलो होतो. दार उघडंच होतं. पदराने मानेवरचा घाम पुसत तिने विचारलं, “कूलर बराबर चालते न रे गजू? लेकरायले हवा लागते न?”

“लागते काकू,” मी म्हणालो. “मस्त लागते.”