हिराजीची हाक

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि आमच्या घरात बायकोला न कळता डब्यातलं मीठसुद्धा संपत नाही. आईला नाही, मामाला नाही. देवळात एकटा बसलो असताना देवालाही नाही. त्याला ठाऊक असणारच, पण त्याने कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. बघू.

आधी मी कोण ते सांगतो. मी बाळाराम. पनवेलच्या पूर्वेला, नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. धंदा — झाडावर चढायचा. हसलात ना? हसा, सगळेच हसतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू काय करतात? मामा म्हणाला, वर असतात. सासऱ्यांना वाटलं मंत्रालयात.

माझं शिक्षण नववीपर्यंत आणि माडाच्या शेंड्यापर्यंत. पहिलं शाळेने दिलं, दुसरं मामाने. पायात काथ्याच्या दोरीचा फास, कमरेला दुसरा दोर, पाठीमागे कोयता. सुरुवातीला गावातले माड, मग मुंबईच्या साहेबलोकांच्या फार्महाऊसवरचे. ते लोक हौसेने नारळ लावतात आणि नारळ लागले की घाबरतात, गाडीवर पडेल म्हणून! मग आम्हाला फोन. पुढे नवीन पनवेलच्या सोसायट्या आल्या. पावसाळ्याआधी तिथल्या गुलमोहराच्या फांद्या छाटायच्या आणि खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या सूचना ऐकायच्या, की ती नको, ती हो, नाही, ती आधीचीच. आणि आता? आता माझ्या डोक्यावर हेल्मेट आहे, अंगाला पट्टे आहेत, गळ्यात फोटोवालं कार्ड आहे. त्यावर इंग्रजीत जे लिहिलंय त्याचा अर्थ झाडावर चढायला शिकवणारा मास्तर. नववी नापास मास्तर! आमचे गणिताचे गुरुजी परवा भेटले, तर त्यांनीच मला नमस्कार केला.

बघा, मी पुन्हा स्वतःचीच आरती ओवाळायला लागलो. मुद्दा टाळतोय, कळतंय मला. तरी थोडं थांबा. हिराजी कोण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माडावरच्या कामाला दोन माणसं लागतात. एक वरचा, एक खालचा. वरच्याला लोक बघतात, खालच्याला कोणी बघत नाही. पण दोराने नारळाचा घड हळूहळू उतरवून घेणारा तोच. तोडलेल्या झावळ्या बाजूला ओढणारा, कुत्री, पोरं आणि साहेब यांना झाडाखालून हाकलणारा तोच. हिराजी माझा खालचा माणूस होता. आम्ही एका आळीतले, एका वयाचे, एकाच बाकावर नापास झालेले. हसायला लागला की त्याचे डोळे पार मिटायचे. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की पलीकडच्या वाडीतली म्हैस मान वर करायची. मामा म्हणायचा, बाळ्या चढतो चांगला, पण मला झोप लागते ती हिराजी खाली असतो म्हणून.

ती शिट्टी उगाच नव्हती. आमच्याकडे एक नेम आहे. माणूस माडावर असला की त्याला नावाने हाक मारायची नाही. म्हातारी माणसं म्हणतात, झाडात जे असतं त्याला नाव कळतं. मामा म्हणतो, तसलं काही नसतं, नाव ऐकलं की माणूस चटकन खाली बघतो आणि हात सुटतो. कारण कुठलंही घ्या, नेम पक्का. मामाला पहिला मुलगा झाला तेव्हा मामा माडावर होता. आजी धावत आली, झाडाखाली उभी राहिली आणि शेजारणीकडे बघून मोठ्याने म्हणाली, अगो, कोणाला तरी पोरगा झाला म्हनतात! मामा वरून ओरडला, कोणाला? आजी म्हणाली, उतर, मंग सांगते. एवढा कडक नेम! तर हिराजी मला कधीच हाक मारायचा नाही. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे टाक, लांबलचक एक म्हणजे जेवायला ये.

आता तो दिवस. सांगतो — सांगतोच.

नेऱ्याच्या बाजूला एका साहेबांची वाडी होती. सकाळची वेळ, आभाळ स्वच्छ, समोर डोंगर असा दिसत होता की हात लावावा. मी नवीन फोन घेतला होता. मामाने सगळ्यांसमोर दम दिला होता, की फोन वर न्यायचा नाही. तुम्हीच सांगा, नवा फोन घेतलेल्या माणसाला कोणी असा दम देतं का? मी तो बनियनमध्ये खोचून नेला. काम जवळजवळ संपलं होतं. मला वाटलं, एक व्हिडिओ काढू. शेंड्यावर मी, हातात कोयता, मागे डोंगर. गावातले जळून खाक होतील. पण डोंगर माझ्या पाठीमागे यायचा तर मला वळायला हवं होतं आणि कमरेचा दोर वळू देत नव्हता.

मी तो सोडला.

हो, स्वतःच्या हाताने. कोणी हाक मारली नव्हती. हिराजी तेव्हा पाठमोरा नळाला तोंड लावून पाणी पीत होता. मी फोन वर धरला, तोंडावर हसू आणलं, आणि पाय सटकला. झावळ्यांची सळसळ ऐकून हिराजी वळला, मला येताना बघितलं आणि ओरडला, "बाऽलाऽ!" तोपर्यंत मी अर्ध्या वाटेवर होतो. पडणाऱ्या माणसाला नावाने हाक मारू नये असा नेम कोणी केलेला नाही.

मी झावळ्यांच्या ढिगावर पडलो. तो ढीग तिथे रचला होता हिराजीने. त्याच सकाळी मी त्याच्यावर त्यावरून खेकसलो होतो, की झाडाखाली कशाला कचरा करतोस, लांब टाक की. त्याने ऐकलं नाही, म्हणून मी हे सांगायला आहे. पाय मोडला, खांद्याचं हाड मोडलं. फोन शेजारच्या विहिरीत गेला. साहेबांच्या टेम्पोतून पनवेलच्या दवाखान्यात नेईपर्यंत माझं डोकं हिराजीच्या मांडीवर होतं आणि तो एकसारखा माझं नाव घेत होता, मी डोळे मिटू नयेत म्हणून.

दवाखान्यात मामा आला. त्याच्यामागे आणखी दोन-तीन माडावर चढणारे, वाडीचा राखणदार, माझी आई. मामाने विचारलं, "कसा पडलास रं?"

आता माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते ऐका. त्याच आठवड्यात झाडं छाटणाऱ्या एका कंपनीचा माणूस आम्हाला बघायला येणार होता. पगार, हेल्मेट, कार्ड, सगळं. आम्ही दोघांची नावं दिली होती, वरचा बाळाराम, खालचा हिराजी. फोटो काढताना दोर सोडणाऱ्या माणसाला कोण झाडावर चढवील? आणि मामा! मामाने तर आयुष्यभर माझी वरात काढली असती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतोय.

मी म्हणालो, "नावानं हाक आली."

बस, एवढंच. हिराजीचं नाव मी घेतलं नाही. केवढा सज्जन मी, नाही का? ते काम राखणदाराने केलं, आणि तो बिचारा खरंच बोलला, "हा, मी पन ऐकली. पयली हाक, मंग धप्प."

सगळे हिराजीकडे वळले. तो म्हणाला, "मी वरडलो, पन तो पडत व्हता तवा." मामाने विचारलं, "पडत व्हता, का पडायच्या आधी?" हिराजीने माझ्याकडे बघितलं. तिथे त्याला साक्ष द्यायला मी एकटाच होतो. मी डोळे मिटून घेतले. नर्सला वाटलं फार दुखतंय, तिने इंजेक्शन दिलं. मला छान झोप लागली. खोटं कशाला बोलू — खरंच छान लागली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. कंपनीचा माणूस बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आला. त्यालाही मी तीच गोष्ट सांगितली, आणि आता तर ती आणखी रंगवून सांगायला लागलो होतो. कानात हाक शिरली, मान वळली, दोर निसटला! त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. म्हणाला, असा अनुभव असलेला माणूसच शिकवायला हवा. पाय बरा झाल्यावर मला घेतलं. हिराजीचं नाव त्यांनी खोडलं. मी काही बोललो नाही, माझं प्लास्टर पायाला होतं, तोंडाला नव्हतं.

हिराजीला नंतर कोणी झाडाखाली उभं करेना. आमच्या धंद्यात लोक विंचवाला भितात त्याहून जास्त अपशकुनाला भितात. नाक्यावर तो दिसला की पोरं ओरडायची, हाक्या आला, नावं लपवा! पहिल्यांदा तो स्वतःही हसला, डोळे मिटून. मग हसेनासा झाला, मग नाक्यावर येईनासा. शेवटी बायको-पोरांना घेऊन बहिणीकडे उरणला गेला. तिथल्या मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा तिचा दोर पकडून बांधायचं काम मिळालं त्याला. दोर धरायची अक्कल काही वाया गेली नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलंसुद्धा. माझ्या मनाला काहीही म्हणता येतं.

आणि मी? मी दर नव्या तुकडीला पहिला धडा हाच देतो, वरच्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, शिट्टी वापरायची. मग माझी गोष्ट सांगतो. पूर्वी हिराजीचं नाव घेऊन सांगायचो. एकदा उरणकडचा एक जण म्हणाला, सर, हा हिराजी म्हणजे मोऱ्याला लाँच बांधतो तोच का? त्यानंतर मी 'एक माणूस' असं म्हणायला लागलो. गोष्ट मात्र सोडली नाही. फार चांगली जमते हो ती! ऐकताना एकाचंही लक्ष फोनकडे जात नाही.

इथवर आलो आहे तर शेवटचंही सांगून टाकतो. खरं म्हणजे तेवढंच सांगायचं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मामाच्या त्याच पहिल्या मुलाचं लग्न झालं, ज्याची बातमी आजीने झाडाखालून दिली होती. भर दुपारी मांडवात पंगत बसलेली, भाऊबंद, सोयरे, धंद्यातले सगळे चढणारे. हिराजी आला. पोट सुटलेलं, केस पिकलेले, शर्ट इस्त्रीचा. मला वाटलं, भांडायला आला. खरं सांगतो, आत कुठेतरी बरंही वाटलं, की आता हा बोलेल आणि एकदाचं संपेल. तो सरळ माझ्यासमोर आला आणि सगळ्यांदेखत माझा हात दोन्ही हातांत धरला.

"बाला, येक सांगाचा हाय," तो म्हणाला. "तवा मी सांगत व्हतो, मी आधी नाय वरडलो. पन रोज तोच इचार करून करून आता मना सगलं दिसतं. मी पानी पितो, वर बगतो, हाक मारतो, न् मंग तू पडतोस. मीच पाडला तुला. मना माफ कर."

वाढपी भाताचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबला. हिराजी रडत होता. लाँचचे दोर ओढून घट्टे पडलेले त्याचे हात माझ्या हातांवर होते, आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. नाही हिराजी, तू नाही. किती सोपं! माडावर चढण्यापेक्षा कितीतरी सोपं. नाही का?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रं. झालं गेलं गंगेला मिलालं. मी तुला कवाच माफ केला."

मामाने उपरण्याने डोळे पुसले. बायका म्हणाल्या, माणूस असावा तर असा. हिराजी एकदम हलका झाला, हसला, डोळे पार मिटून, पूर्वीसारखा. माझ्याच शेजारी पाटावर बसला आणि दुसऱ्या वाढप्याच्या हातातलं ताट घेऊन त्याने स्वतः माझ्या पानात जिलब्या वाढल्या. मी त्या खाल्ल्या. त्याला माफ करताना मला फार बरं वाटलं होतं. आपण कोणीतरी मोठा माणूस आहोत, असं वाटलं होतं.