वृंदगानाच्या इतिहासात अक्काचं नाव नाही

मंडळी, आज दुपारी आपल्या वृंदगान संचाचे सेक्रेटरी मळमड्डीला माझ्या घरी आले. संचाचा इतिहास छापायचाय, जुने फोटो हवेत म्हणाले.

माझी बहीण, अक्का, गेल्या महिन्यात गेली. पंधरा वर्षं तिनं प्रत्येक गाणं कन्नड आणि देवनागरी, दोन्ही लिपींत हातानं लिहून गायकांना दिलं. श्वास घ्यायच्या जागी लाल खूण करायची.

"तिचं नाव घालणार ना?" मी विचारलं.

"अहो, त्या स्टेजवर कुठं होत्या? गायकांचीच यादी आहे. बिडरी, सोडा आता."

तरीही मी फोटो दिले. त्याचाच राग येतोय.

तुम्ही त्या कागदांवरून गायलात. सेक्रेटरींना तेवढं कळवाल का? मी सांगितलं तर भावाचं बोलणं ठरेल.