लाल ठिपका आणि शशिकलाच्या कुरडया

विश्राम गलांडे आमच्या माण तालुक्यातला. तिकडं पाऊस म्हंजे वर्साकाठी येऊन च्या न पिताच जाणारा पावणा. त्यामुळं सरकारी बदलीनं चंदीगडला आला तरी गड्याची नजर आभाळातच. दोन हजार सहाला तिथल्या मनीमाजऱ्यातल्या भाड्याच्या घरात त्यानं कम्प्युटर आणला आन् इंटरनेटवर पावसाच्या रडारचं चित्र बघायचा नाद लावून घेतला. त्यात त्याला घावलं की, लख्ख उन्हातबी हवाईदलाच्या तळावर लाल ठिपका उठतोय. लाल म्हंजे धो धो पाऊस.

एप्रिलात त्याच्या बायकूनं, शशिकलानं, गच्चीवर कुरडया घातल्या. गहू भिजवायचा, वाटायचा, चीक शिजवायचा; सोऱ्या दाबून शेजारच्या कांचनवैनीचे दंड भरून आले. तेवढ्यात खालनं आरोळी.

"अगं, गोळा कर! तळावर लाल आलंय!"

दोघींनी वल्याच कुरडया उचलल्या. त्यांचा झाला गोळा. ऊन तर कमी हुईना.

"आवं, कुठाय पाऊस?"

"रडारात हाय."

"मग कुरडया बी रडारातच वाळवा! परत घालतीया. ह्या बारीला नासल्या, तर हा कम्प्युटरचा डबा भंगारात."

विश्राम हादरला. शेजारी हवाईदलातनं निवृत्त झालेले ग्रेवालसाहेब राहायचे, त्यांच्याकडं पळाला. ते पोट धरून हसले. "ओ जी, जहाज चमकी फेंकते हैं. रडार को उल्लू बनाने!"

इमानं आभाळात धातूची बारीक चमकी उधळत्यात आन् रडाराला तो पाऊस वाटतो, हे देशाचं गुपित कळल्यागत विश्राम छाती काढून घरी आला.

रविवारी परत कुरडया पडल्या. परत लाल ठिपका. विश्राम खुर्चीत हलंना.

"आवं, गार वारं सुटलंय!" गच्चीवरनं शशिकला.

"चमकी हाय ती!"

"मातीचा वास येतोय!"

"फौजी लोक कायबी टाकत्यात!"

"डोक्यावर थेंब पडला!"

"पुसू नगंस, बघू दे मला!"

तवर लाईट गेली. विश्राम वर गेला, चिंब झाला, तळहातावरचं पाणी निरखून म्हनला, "ही चमकी मातूर पाण्याची दिसती."

निम्म्या कुरडयांचा चीक होऊन पन्हाळीतनं गेला. निम्म्या कांचनवैनीनं पाटीखाली झाकल्या म्हणून वाचल्या, पर वलसर.

लाईट आल्या आल्या विश्रामनं कम्प्युटर परत चालू केला. घटकाभरानं शशिकला कम्प्युटरकडं निघाली. विश्राम आडवा आला. "शशे, ह्याला नको. मला हाण पायजे तर." तिनं त्याला बाजूला सारलं, डबा उचलायला हात घातला आन् थबकली. डबा चुलीवरच्या तव्यागत गरम. तिनं धोतर आणलं, त्याच्यावर पसरलं आन् कुरडया मांडल्या.

"बंद करायचा न्हाई," तिनं बजावलं.

धोतराचा सोगा कम्प्युटरच्या पडद्यावर लोंबत हुता, रडार पार झाकलेलं. सकाळी विश्रामनं तो उचलायला बोट लावलं.

"मोडतील!" शशिकला गुरकावली.

खालनं ग्रेवालसाहेबांनी चिडवलं, "विश्रामजी, आज का मौसम?"

विश्राम खिडकीतनं वरडला, "कुरडया सूखने के बाद बताता हूँ जी!"