दारात अडलेली गुणपत्रिका

भूकंपात घर गेलं, घरधनी गेले, आणि मी लातूरला आले. पुढं एका क्लासच्या ऑफिसात मेल बघायला लागले. कंप्युटर मला कुणी शिकवला नाही, बघून बघून शिकले.

एकदा मेलसोबत आलेली फाईल मी उघडली नि व्हायरसनं सगळे कंप्युटर बंद पाडले. सर लई ओरडले. मग मेल जिथून आत यायचे तिथंच चाळणी लावली. झिप, म्हणजे गाठोडं बांधल्यासारखी फाईल, आली की ती वेगळ्या फोल्डरात अडकायची. झिप अडवा हे मीच सांगितलं होतं. फाईल अडली हे पाठवणाऱ्याला कळवणंही बंद केलं. व्हायरस दुसऱ्याचं नाव लावून येतो, उत्तर भलत्यालाच जातं. फक्त ते फोल्डर मी रोज बघायचं ठरलं. आठ दिवस बघितलं, सगळी घाणच. मग प्रवेशाच्या गर्दीत राहून गेलं.

मार्कांवर पोरं घ्यायच्या निवड बॅचसाठी गुणपत्रिका मेलनं मागवल्या होत्या. तिची यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी मुखेडहून एक बाप लेकीला घेऊन आला. पोरीला मार्क भरपूर, यादीत नाव नाही.

"दादा, गुणपत्रिका आलीच नाही," मी म्हणाले.

"न्हाई कशी? नेट कॅफेवाल्यानं माझ्यासमोर पाठवली की!"

मग मला आठवलं. तिकडं नेटची लाईन सुस्त, म्हणून कॅफेवाले सगळंच झिप करून पाठवायचे. फोल्डर उघडलं. होती. मुदतीच्या चार दिवस आधीची.

सरांकडं धावले. "बॅच भरली. कुणाला काढू, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मी बाहेर येऊन बापाला तेच सांगितलं.

"मॅडम, टपालवाला बरा," बाप म्हणाला. "पाकीट तरी परत आणून देतो."

भूकंपात आम्ही एकेका ढिगाऱ्यापाशी वाकून विचारायचो, आत कुणी हाय का? ती मी, आणि मला रोज एक फोल्डर उघडायला जमलं नव्हतं.

पोरगी म्हणाली, "मावशी, उघडून दावा की." तपासून उघडली. अक्षर न् अक्षर स्वच्छ. ती बघत राहिली. मग तिनं खालच्या मेलवर बोट ठेवलं.

"ही माझी मैत्रीण. उत्तर आलं का बघाय रोज कॅफेत जाती."

"मी कळवते गं तिला."

"नका. तुमचं कळवणं बघितलं," ती म्हणाली. "मीच सांगते."

आणि बापाच्या हातातली पिशवी घेऊन ती बसस्टँडकडं चालू लागली.