जेवणाच्या टेबलांवरचं बॉम्बर

आमची कंपनी दोह्यात खोट्या वस्तू बनवते. कार्डावर ‘इंटीरिअर फिट-आउट’ असं भारदस्त लिहिलंय, पण काम हेच. परवा ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीवर शंभर वर्षांची ओल आणायची, प्लायवूडला आपण सागवान आहोत असं पटवून द्यायचं. मी तिथे डिझाइन कोऑर्डिनेटर आहे. क्लायंट जे बोलतो आणि त्याला जे म्हणायचं असतं, यातलं अंतर मी ड्रॉइंगमध्ये भरून काढते. पुण्यात आर्किटेक्चर शिकताना सर सांगायचे की वास्तूनं खरं बोललं पाहिजे. सर कधी आखातात आले नाहीत.

गेल्या वर्षी द पर्लवरच्या एका नव्या रेस्टॉरंटचं काम आलं. समुद्रात भराव घालून केलेलं बेट, त्यावर इटलीतल्यासारखे कालवे. तिथे खोटेपणाला कुणी नाक मुरडत नाही. रेस्टॉरंटचा मॅनेजर मूळचा बेरूतचा, पन्नाशीचा, कायम इस्त्रीच्या शर्टात असणारा माणूस. पहिल्या मीटिंगमध्ये त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. दोन मजली पंखांचं, दोन इंजिनांचं, कापडी अंगाचं जुनं विमान.

“हे छताला टांगायचं,” तो म्हणाला. “लोकांनी मान वर केली की त्यांना प्रवास आठवला पाहिजे. रोमान्स.”

“खरं विमान?” मी विचारलं.

“खऱ्यासारखं.”

माझ्या बॉसनं लगेच ‘इन्शाल्ला’ म्हटलं. आमच्याकडे इन्शाल्ला म्हणजे होकार, नकार आणि ‘हिला विचारा’ हे तिन्ही. मी ‘हिला’ होते.

घरी, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये, त्या वेळी माझे सासरे राहायला आले होते. नवरा गॅस प्लांटवर, घरी कमी आणि साइटवर जास्त. त्यामुळे घरात मी, शाळेत जाणारी माझी मुलगी आणि बाबा. बाबा नाशिकजवळच्या विमान कारखान्यात आयुष्यभर इन्स्पेक्टर होते. लढाऊ विमानाच्या पंखावरून बोट फिरवायचं आणि ‘परत पाठवा’ म्हणायचं, हे त्यांचं करिअर. रिटायर झाल्यावर बोट तेच राहिलं, पंख गेले. मग त्यांनी माझ्या पोळ्या तपासायला घेतल्या. ‘परत पाठवा’ असं ते कधी म्हणाले नाहीत, पण पोळी उजेडाकडे धरून बघायचे.

तो फोटो मी त्यांना दाखवला, मुख्यतः पोळीवरून लक्ष उडावं म्हणून.

त्यांनी चष्मा वर सरकवला. “हे कुठे लावणार?”

“रेस्टॉरंटमध्ये. टेबलांच्या वर.”

“आणि खाली लोक जेवणार?”

“हो.”

“अगं, हे बॉम्बर आहे.”

मग ते सांगत बसले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाशेवटाला इंग्रजांना असं विमान हवं होतं, जे आपल्या जमिनीवरून उडून शत्रूच्या राजधानीवर रात्री बॉम्ब टाकून परत येईल. काही महिन्यांत आराखडा झाला, लाकडाचा सांगाडा झाला, वर कापड ताणून झालं. फक्त इंजिनं नव्हती. जी चांगली होती ती इतर विमानांनी पळवलेली. मग जे मिळेल ते बसवून बघायचं असं ठरलं. प्रत्येक नमुन्याला वेगळं इंजिन. एक नमुना इंजिनानं दगा दिला म्हणून पडला. दुसरा उडतानाच खाली आपटला आणि पोटातले बॉम्ब तिथंच, आपल्याच मैदानात फुटले.

“चाचणी यशस्वी,” मी म्हटलं. “बॉम्ब फुटतात हे तरी कळलं.”

“चेष्टा करू नकोस. आत माणूस होता.” मग म्हणाले, “पण असंच झालं. आणि शेवटी विमान धड तयार झालं, फ्रान्सला पोचलं, तेव्हा युद्ध संपलं. ज्या कामासाठी केलं, ते त्यानं एकदाही केलं नाही.”

माझ्या मुलीनं आयपॅडवरून मान वर केली. “सो इट फेल्ड?”

“नाही गं,” बाबा म्हणाले. “सुटलं.”

दुसऱ्या दिवशी मी प्रामाणिकपणे मॅनेजरला फोन करून सांगितलं की तुमचा रोमान्स मुळात बॉम्बफेकी आहे. मला वाटलं, तो फोटो बदलेल. तो दोन दिवसांनी मार्केटिंगच्या मुलीला घेऊनच आला. ती खूश होती. तिच्या मते या गोष्टीत ‘एज’ होती, म्हणजे धार. आता विमानाखाली बॉम्बही हवे होते. गोल, चकचकीत, पितळी छटेचे, ‘व्हिंटेज’. मेनूत त्याच आकाराचं एक चॉकलेटचं डेझर्ट येणार होतं. या सगळ्या वेळात मॅनेजर खिडकीबाहेर कालव्याकडे बघत होता. मी म्हटलं, बरं. आमच्या धंद्यात ‘बरं’ला पर्याय नसतो.

वर्कशॉपमध्ये काम सुरू झालं आणि बाबा रोज माझ्याबरोबर यायला लागले. आमचा सुतार मालवणकडचा. बायको-मुलं गावी, हा इथे कामगारांच्या कॅम्पमध्ये. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, “मॅडम, ह्यां विमान उडतलां काय?”

“नाही हो. टांगायचंय.”

“मग कित्याक इतक्या फासळ्यो?”

हा प्रश्न वाजवी होता आणि उत्तर होतं, माझे सासरे. बाबांचं म्हणणं, पंखाच्या आतल्या फासळ्या ड्रॉइंगप्रमाणेच पाहिजेत. सुताराचं म्हणणं, कापडाच्या आत कोण बघणार. दोघांचं भांडण मराठी आणि मालवणी अशा दोन भाषांत चालायचं आणि चहाच्या वेळी बंद पडायचं. फासळ्या शेवटी निम्म्या बसल्या. बाबांनी ते मनाला लावून घेतलं, पण बसलेल्या निम्म्यांना त्यांनी स्वतः पॉलिश पेपर मारला.

बाकी अडचणी आपापल्या क्रमानं आल्या. पंख वर्कशॉपच्या शटरमधून बाहेर निघेना, म्हणून तो कापून पुन्हा जोडला. आगीच्या नियमांत बसेल असं कापड शोधलं, तर ते बाथरूमच्या पडद्यासारखं दिसायला लागलं. इंजिनांपुढचे पंखे फिरते हवेत असा आग्रह झाला, फिरायला लागल्यावर पहिल्याच ट्रायलला खालच्या टेबलावरचे नॅपकिन उडाले, आणि मग ते बंदच ठेवायचं ठरलं. बाबांना या सगळ्याचा मनापासून आनंद होत होता. मूळ विमान बनवणाऱ्यांचे हाल त्यांनी वाचले होते, आता सूनही त्याच रांगेत आली.

येता-जाता गाडीत ते उरलेली गोष्ट सांगायचे. युद्ध संपल्यावर या बॉम्बरचं काय करायचं ते कुणाला कळेना. दोघांनी त्यात बॉम्बच्या जागी पेट्रोल भरलं आणि अटलांटिक समुद्र न थांबता ओलांडला. पलीकडे हिरवंगार मैदान दिसलं म्हणून उतरले, तर ती दलदल निघाली आणि विमान नाकावर उभं राहिलं. मग त्याला इकडे, आपल्या बाजूला आणलं. कैरो ते बगदाद टपाल नेण्याच्या कामाला लागलं. वाळवंटात रस्ता कळेना म्हणून जमिनीवर नांगरानं एक लांब चरी काढली, आणि वैमानिक वरून ती रेघ बघत बघत जायचे.

“आणि म्हातारपणी?” मी विचारलं.

“म्हातारपणी पॅराशूट शिकणाऱ्या पोरांना पंखावर उभं करून न्यायचं. अगदी शेवटी तर सर्चलाइटवाल्यांना सराव म्हणून नुसतं घिरट्या घालायला ठेवलं. हे उडायचं, ते खालून दिवे मारायचे.” मग म्हणाले, “रिटायरमेंट म्हणजे असंच असतं.”

मे महिन्यात विमान छताला लागलं. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी माना वर करून फोटो काढले. पितळी बॉम्ब फार सुंदर दिसत होते. बाबांनी टेबलाखाली वाकून नटबोल्ट बघावेत तसं छताकडे बघितलं आणि “डावीकडे किंचित कललंय” एवढंच म्हणाले. डेझर्ट मागवलं नाही.

मग जून आला. एका संध्याकाळी ऑफिसातून निघतानाच फोनवर मेसेज सुरू झाले होते. शहराबाहेरच्या लष्करी तळावर हल्ल्याची शक्यता, आकाशमार्ग बंद, विमानं परत वळवली, घरातच थांबा. सोसायटीच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी ‘काळजीचं कारण नाही’ लिहिलं, त्यामुळे सगळ्यांना काळजी वाटायला लागली. मी कुकर लावत होते तेव्हा पहिला आवाज झाला. खिडकीची काच आतून कुणी थोपटावी तशी थरथरली. मग दुसरा. बाल्कनीत बाबा होते. मी मुलीला आत धरून ठेवलं आणि त्यांना हाक मारली.

“बाबा, आत या.”

ते आले नाहीत. काळ्या आकाशात, येणारी क्षेपणास्त्रं पाडायला, खालून दिवे सुटत होते, वर जाऊन फुटत होते, आणि मधूनच पेटलेलं काहीतरी हळूहळू विझत जात होतं. समोरच्या बिल्डिंगच्या प्रत्येक बाल्कनीत माणसं उभी होती आणि बहुतेकांचे मोबाइल वर धरलेले होते. आमच्या उद्घाटनालाही लोक असेच उभे होते. माझी मुलगी, जी मराठीला इंग्रजीत उत्तर देते, ती त्या दिवशी मराठीत म्हणाली, “आई, बाबा कुठेयत?” तिचा बाबा प्लांटवर होता. फोन लागेपर्यंत मी कुकरच्या शिट्ट्या ऐकत उभी राहिले. लागला तेव्हा तो म्हणाला, “सगळं ओके आहे,” आणि मी म्हटलं, “इथेही,” आणि दोघांनी एकमेकांचं खोटं मान्य केलं.

आवाज थांबल्यावर बाबा आत आले, खुर्चीत बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते त्या हातांकडे बघत होते.

“मी पंख तपासायचो,” ते म्हणाले. “पंखाखाली काय टांगतात ते कारखान्यातल्या दुसऱ्या शॉपचं काम. आम्ही तिकडे जायचोसुद्धा नाही.” पाणी प्यायले. “आज पहिल्यांदा खाली उभं राहून बघितलं.”

मी पोळ्या केल्या. त्यांनी न बघता खाल्ल्या.

त्या संध्याकाळी सुदैवानं शहरात कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिक नेहमीचा होता. मला मात्र सकाळी सकाळी मॅनेजरचा फोन आला.

“बॉम्ब काढायचे. आज.”

मी सुताराला घेऊन गेले. रेस्टॉरंट बंद होतं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. मार्केटिंगची मुलगी हजर होती. ‘एज’ हा शब्द तिनं काढला नाही. आता तिला ‘शांततेचा मूड’ हवा होता आणि तो दुपारपर्यंत हवा होता. सुतार शिडीवर चढून एकेक बॉम्ब सोडवत होता. फायबरचे, पोकळ, हातात घेतले तर टरबुजाएवढेही जड नाहीत. मॅनेजर शिडीखाली उभा राहून ते झेलत होता आणि जमिनीवर ठेवताना दोन्ही हातांनी ठेवत होता.

“माझ्या लहानपणी,” तो अचानक मला म्हणाला, “विमानं यायची तेव्हा दिसायचीच नाहीत. आधी आवाज, मग भिंत नसायची. हा फोटो मला आवडला तो त्यासाठी. एवढं मोठं, एवढं हळू. हे येताना दिसलं असतं. पळता आलं असतं.”

“मग बॉम्ब का लावू दिलेत?”

“मालकांना आवडले.” त्यानं शर्टावरची धूळ झटकली. “मी नोकरी करतो.”

मीही नोकरीच करते. संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “टपालाच्या थैल्या लावा ना. खोटं होणार नाही. नेलंच आहे यानं टपाल, याच भागात.”

मार्केटिंगला थैल्या फार आवडल्या. इतिहास इतका सोयीचा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. गोणपाटाच्या थैल्या शिवल्या, पंखाखाली बसवल्या, आणि दाराजवळच्या पाटीवर ‘वाळवंटातलं पहिलं प्रेमपत्र घेऊन येणारं विमान’ असा मजकूर तयार झाला. तो वाचून बाबा दुखावले. त्यांनी मला मॅनेजरकडे न्यायला लावलं. स्वतःच्या इंग्रजीत, सावकाश, त्यांनी त्याला सगळी हकीगत सांगितली. राजधानी, इंजिनं, मैदानात फुटलेले बॉम्ब, दलदल, चरी, सर्चलाइट.

“प्रेमपत्र ठेवा हवं तर,” बाबा म्हणाले. “पण आधी हे लिहा की ते कशासाठी केलं होतं.”

मॅनेजरनं पेन काढून पाटीच्या प्रिंटवर दोन ओळी लिहिल्या, आधी अरबीत, मग इंग्रजीत. हे विमान एका शहरावर बॉम्ब टाकण्यासाठी बनवलं गेलं. त्या युद्धात त्यानं एकही टाकला नाही. मार्केटिंगची मुलगी म्हणाली की हे फार लांब होतंय. “खलास,” तो म्हणाला, म्हणजे विषय संपला. पाटी तशीच छापली गेली. अक्षरं बारीक केली, पण राहिली.

नाशिकला परत जाण्याआधी बाबांना मी तिथे जेवायला नेलं. शेजारच्या टेबलावर एका बाईचा वाढदिवस चालू होता. त्यांनी बाबांनाच फोटो काढून द्या म्हणून विनंती केली, मागे विमान येईल असा. बाबांनी मोबाइल हातात घेतला, त्या सगळ्यांना एक पाऊल डावीकडे सरकवलं, मग आणखी अर्धं. त्या बाईनं हसून विचारलं, “ते टपालाचं विमान आहे ना?”

“नंतर झालं,” बाबा म्हणाले, आणि फोटो काढला.