दुर्बिणीतला उभा धागा

सर्व मायबाप वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, साकोलीच्या आमच्या रायफल क्लबात रायफलींवर दुर्बिणी बसवण्याचा अधिकार एकाच इसमाकडे होता आणि तो इसम मी होतो. माझं सायकलचं दुकान होतं, बारीक पेचकस फक्त माझ्याकडे होते. एवढी पात्रता पुरे.

मग हे गृहस्थ आले. विणकर. निशाण्याच्या चौकटींवर ताणायचं जाडंभरडं कापड क्लबाला तेच पुरवायचे. एकदा गठ्ठा खाली ठेवून त्यांनी मी बसवलेल्या दुर्बिणीला डोळा लावला आणि शांतपणे म्हणाले, "उभा धागा कलला हाय."

"दुर्बिणीत धागा नसतो, दादा. नेम धरायची तार असते."

"तार असन. कलली हाय."

तुम्हीच सांगा, जन्मात बंदुकीचा घोडा न दाबलेल्या माणसानं असं बोलावं?

दुर्दैव असं की ते खरं निघालं. पंचवीस यार्डांवर कललेली तार समजत नाही. शंभर यार्डांसाठी दुर्बिणीवरची चकती फिरवून नेम चढवला, की गोळी वर जाता जाता बाजूलाही सरकते. आमच्या गोळ्या उजवीकडे जायच्या आणि आम्ही वाऱ्याला शिव्या घालायचो.

त्यांनी गवंड्याची पाणसळ आणवली, तिच्या मापानं रायफल सपाट बसवली. समोरच्या मोहाच्या फांदीला ओळंबा टांगला आणि दुर्बिणीतली तार त्या दोरीवर आणली. मग दुर्बिणीची नळी धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आवळले, थोडा डावा, थोडा उजवा.

"एकाच बाजूनं वढलं का कापड बी फिरते आन् नळी बी."

त्या दिवसापासून लोक माझ्या दुकानावरून रायफली घेऊन त्यांच्या मागाकडे जाऊ लागले. माझ्याच पायरीवरून. सायकलीत हवासुद्धा न भरता.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या सकाळी क्लबाच्या सेक्रेटरींची रायफल विणकरदादांनीच लावली आणि दादा चहाला गेले. मी इकडेतिकडे पाहिलं. दोन स्क्रू ढिले केले, नळी केसभर फिरवली, पुन्हा आवळली. घाई अजिबात केली नाही, हे खेदानं नमूद करतो.

शंभर यार्डांवर सेक्रेटरींच्या पाचही गोळ्या डावीकडे गेल्या.

"हे काय करून ठेवलं, दादा?" सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले.

दादांनी दुर्बिणीतून पाहिलं. मग स्क्रूंवरचे ताजे ओरखडे पाहिले. मग माझा खिसा, ज्यातून पेचकसाची मूठ डोकावत होती.

"माही नजर चुकली असन," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. पुन्हा क्लबात आले नाहीत. कापड तेवढं बसच्या टपावरून यायचं.

माझा अधिकार मला परत मिळाला. चोरून मी ओळंबाही टांगून पाहिला. दोरी सरळ लटकायची, पण तार तिच्यावर बसली की नाही, हे सांगणारा डोळा काही मला आला नाही. प्रत्येक रायफल हातात घेतली की मी मनातल्या मनात त्यांच्यावर जळायचो आणि त्यांनाच विचारायचो, बरोबर आहे का हो?

नऊ वर्षांनी ते गेल्याचं कळलं. त्यांच्या घरी भेटायला गेलो. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं. वहिनींनी पाणी दिलं. सांत्वनाचं वाक्य पाठ करून गेलो होतो, तोंडातून भलतंच आलं, "वहिनी, त्या दिवशी स्क्रू मी फिरवला होता."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "ते मले म्हनत, भाऊवर रागावू नोको. मी मातर नऊ सालापासून रागावूनच हावो."